जोबनेरचा पालक आणि स्विस चार्ड : खाऱ्या पाण्यावरची परसबाग

जयपूर शहराच्या पश्चिमेस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर जोबनेर हे गाव आहे. त्याच्या पलीकडे सांभर सरोवर पसरलेले आहे. देशातील हे सर्वांत मोठे अंतर्देशीय खाऱ्या पाण्याचे सरोवर होय. या टापूतील अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते आणि उन्हाळ्यात कित्येक शेतांच्या पृष्ठभागावर पांढरी खपली दिसते. १९४७ साली रावळ नरेंद्रसिंह यांच्या पुढाकाराने येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले. २०१३ मध्ये जोबनेर हे श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाचे मुख्यालय बनले. पालेभाज्यांच्या अभ्यासकांना मात्र हे गाव परिचित आहे ते ‘जोबनेर ग्रीन’ या पालकाच्या वाणामुळे. स्थानिक पालकाच्या संग्रहात आपोआप घडून आलेल्या एका उत्परिवर्तनाची निवड करून हा वाण विकसित करण्यात आला. त्याची पाने मोठी, जाड, कोवळी व एकसारखी हिरवी असून शिजल्यावर ती चटकन मऊ होतात. त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे जमिनीचा सामू १०.५ पर्यंत असला तरी तो तग धरतो.

सामू १०.५ म्हणजे काय, हे चोपण जमीन कसलेल्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. अशा जमिनीत पाणी मुरत नाही, ओली असता ती चिकट व वाळली असता दगडासारखी होते, आणि बहुतेक भाजीपाला दोन पानांवरच पिवळा पडून बसतो. आपल्याकडे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा, कृष्णाकाठची अतिसिंचनाने बिघडलेली उसाची राने आणि कोकणातील खाडीलगतच्या खारजमिनी या भागांत राहणाऱ्या कुटुंबांचीही हीच अडचण आहे. परसबागेचा विषय निघाला की तेथील गृहिणी सरळ सांगतात, ‘आमच्या पाण्यावर काही उगवत नाही.’ या तक्रारीला उत्तर देताना पिकाच्या निवडीचा विचार आधी व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शहरांतील रोपवाटिकांत अलीकडे लाल, पिवळ्या व गुलाबी देठांचे स्विस चार्ड विक्रीस दिसू लागले आहे. त्याचे आणि जोबनेरच्या पालकाचे नाते अतिशय जवळचे आहे. ते नाते समजले, तर ही दोन्ही पिके कोठे व कशी घ्यावीत हे पाठ करण्याची गरज राहत नाही.

नावांचा घोटाळा

बाजारात ‘पालक’ या एकाच नावाने दोन निरनिराळ्या वनस्पतींचे बियाणे मिळते. पहिला देशी पालक. तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीट आहे. बीटा व्हल्गॅरिस या प्रजातीचा तो बंगालेन्सिस हा प्रकार होय. ऑल ग्रीन, पुसा ज्योती, अर्का अनुपमा आणि जोबनेर ग्रीन हे सर्व याच गटातील वाण आहेत. दुसरा विलायती पालक, म्हणजे स्पिनॅशिया ओलेरॅशिया. तो याच कुळातला, परंतु वेगळ्या वंशातला आहे. थंड हवामानात तो उत्तम येतो आणि क्षारांपुढे लवकर हार मानतो. स्विस चार्ड हे पुन्हा बीटा व्हल्गॅरिसच. कंदासाठी वाढविलेले बीट, साखरेसाठीचे शर्कराबीट, पानांसाठीचा देशी पालक आणि पाने व देठ या दोहोंसाठीचे चार्ड ही सारी एकाच प्रजातीची रूपे आहेत आणि त्यांचा परस्परांशी सहज संकर होतो. ‘पुसा हरित’ हा वाण तर शर्कराबीट व स्थानिक पालक यांच्या संकरातूनच तयार झालेला आहे. चाकवत व माठ हे या मंडळींचे जरा दूरचे आप्त.

‘स्विस’ या विशेषणावरून हे पीक स्वित्झर्लंडचे असावे असा समज होतो. तो चुकीचा आहे. या सर्वांचा पूर्वज असलेले रानबीट भूमध्य समुद्राच्या व युरोपातील अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यांवर, भरतीच्या रेषेलगत, लाटांचे तुषार अंगावर घेत आजही उगवते.

पाकिटावर काय छापले आहे याची चिंता न करता बी तळहातावर घेऊन पाहावे. देशी पालक, चार्ड व बीट यांचे ‘बी’ म्हणजे प्रत्यक्षात दोन किंवा अधिक फळांचा एकमेकांस चिकटलेला, खडबडीत, बुचासारखा गड्डा असतो. विलायती पालकाचे बी सुटे, गोल किंवा काटेरी असते. खारवट पाण्याच्या गावात काटेरी बियांचे पाकीट वाटले गेले, तर पुढील अपयशाचा दोष शेतकऱ्यास देता येणार नाही.

क्षार सोसतो म्हणजे किती?

समुद्रकाठच्या या वारशामुळे बीटवर्गीय पिके आपल्या पेशींत सोडियम साठवून ठेवू शकतात आणि त्याच्या साहाय्याने खाऱ्या मातीतूनही पाणी ओढून घेतात. आकड्यांत सांगावयाचे तर घेवडा व गाजर यांचे उत्पादन मृदेच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता १ डेसी सायमन प्रति मीटरपुढे गेली की घटू लागते. कांद्याची मर्यादा १.२, विलायती पालकाची २, खाण्याच्या बीटची ४ आणि शर्कराबीटची ७ मानली जाते. देशी पालक व चार्ड यांचा विचार करताना बीटचा ४ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवणे व्यवहारात सुरक्षित ठरते.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला असा की खारवट आणि चोपण या दोन वेगळ्या व्याधी आहेत. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात, वाहकता ४ च्या वर जाते, पण सामू ८.५ पेक्षा कमी राहतो. चोपण जमिनीत विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक व सामू ८.५ च्या वर असतो. जोबनेर ग्रीनची ख्याती आहे ती दुसऱ्या व्याधीबाबत, म्हणजे उच्च सामूबाबत. त्यामुळे माती परीक्षण अहवालातील दोन्ही आकडे पाहिल्याशिवाय शिफारस करू नये. वाण तग धरतो याचा अर्थ जमीन सुधारते असाही नाही. चोपण जमिनीस जिप्समची मात्रा परीक्षणानुसार द्यावीच लागते.

दुसरा खुलासा अधिक महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुधा सांगितला जात नाही. ही पिके मोठी झाल्यावर खारटपणा सोसतात, परंतु बी उगवताना ती नाजूक असतात. उगवणीच्या काळात मातीची वाहकता ३ च्या पुढे जाऊ देऊ नये. प्रस्तुत लेखकाने एका हिवाळ्यात गच्चीवरील कुंड्यांत चार्डचे बी लावले आणि काटकसर म्हणून घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी त्यांना दिले. वीस गड्ड्यांतून तीनच रोपे वर आली. तेच बी, तीच माती, परंतु साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर दुसऱ्या वेळी लावले असता उगवणीची अडचण आली नाही. यंत्रातून टाकून दिलेल्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात, हे माहीत असूनही झालेली ही चूक होय. असे पाणी वापरावयाचेच असेल, तर रोपे चार-पाच खऱ्या पानांवर आल्यानंतर व गोड्या पाण्यात मिसळून वापरावे. ज्यांच्याकडे विद्राव्य घटक मोजण्याचे छोटे उपकरण आहे, त्यांनी सुमारे ६४० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे अंदाजे १ डेसी सायमन असे गणित धरावे. बीटसाठी सिंचनाच्या पाण्याची सोयीची मर्यादा सुमारे २.७, म्हणजे १७०० मिलिग्रॅमच्या आसपास येते.

पेरणी

जयपूरच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या थंड असतात आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे या पिकांचा खरा हंगाम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या पेरणीचा. महाराष्ट्रातील पठारी भागात ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम ठरतो. देशी पालक भर उन्हाळा वगळता वर्षभर घेता येतो, मात्र ३५ अंशांवरील तापमानात उगवण घसरते.

खारवट भागात पेरणीची वेळ पावसाशी जोडून घेणे शहाणपणाचे आहे. पावसाळ्यात वाफा बांधून ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी वाफ्यातच मुरून क्षारांना मुळांच्या खाली ढकलते. मोकळ्या वाफ्यातून क्षार पुन्हा वर चढू नयेत म्हणून पाऊस संपताच पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि फार दिवस न दवडता पेरणी उरकावी. दर चौरस मीटरला सुमारे ३ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कोंबडीखत किंवा ताजे लेंडीखत येथे टाळावे, कारण त्यांत स्वतःचेच क्षार असतात.

बी रात्रभर साध्या, गोड्या पाण्यात भिजत ठेवावे व सकाळी दोन-तीन वेळा पाणी बदलून खळखळून धुवावे. बीटच्या फळाच्या सालीत उगवण रोखणारे पदार्थ असतात व ते धुण्याने निघून जातात. बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल टाकावे. पालकासाठी दोन ओळींत २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. चार्डचे झाड भरदार होते, म्हणून त्यास ओळींत ४० ते ४५ व रोपांत २० ते २५ सेंटिमीटर जागा द्यावी. सरी-वरंब्यावर लागवड असेल, तर बी वरंब्याच्या माथ्यावर टाकू नये. सरीतील पाणी वर चढताना क्षार माथ्यावरच आणून सोडते. वरंब्याच्या बगलेत, ओलाव्याच्या रेषेलगत पेरलेले बी त्यातून वाचते. परसबागेत सपाट वाफा त्याहून सोपा.

एका गड्ड्यातून दोन-तीन रोपे निघतात. ती उपटून विरळणी केल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात, म्हणून कात्रीने छाटावीत. छाटलेली कोवळी रोपे वरणात किंवा कोशिंबिरीत उपयोगी पडतात. कुंडीत लावावयाचे असल्यास ती निदान २५ ते ३० सेंटिमीटर खोल असावी, कारण चार्डला सोटमूळ असते. चौघांच्या कुटुंबास चार्डची आठ-दहा झाडे आणि दोन चौरस मीटर पालक एवढे पुरे होते, असा आमचा अंदाज आहे.

पाणी, खत व तोडणी

खाऱ्या पाण्यावरील बागेत ‘थोडे थोडे रोज’ ही सवय घातक आहे. पाणी वरच्या थरातच वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर जमणारी पांढरी रेघ ही त्याची खूण. त्याऐवजी दोन पाण्यांत अंतर ठेवून प्रत्येक वेळी खोलवर पाणी द्यावे आणि तीन आठवड्यांतून एकदा गोड्या पाण्याची सोय करून कुंडीच्या तळातून काही पाणी बाहेर वाहील इतके ओतावे. निचऱ्याचे छिद्र बुजलेले असेल, तर ही सर्व काळजी व्यर्थ जाते.

पालक पेरणीनंतर चार आठवड्यांत पहिल्या कापणीस येतो. जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर उंचीवर कापल्यास पुन्हा फुटतो व चांगल्या जोपासनेत सहा-सात कापण्या मिळतात. चार्डला पहिल्या तोडणीस सात-आठ आठवडे लागतात. त्याची कापणी करीत नाहीत. बाहेरची पाने देठासह बुडाशी पिळून काढावीत व मधली चार-पाच पाने राखावीत. देशी पालकाच्या तुलनेत चार्डचा मोठा लाभ येथे दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होताच पालक दांडे काढून फुलावर जातो. चार्डला फुलोऱ्यासाठी दीर्घ थंडी लागते. आपल्या मैदानी हवामानात ती बहुधा पुरेशी मिळत नाही, त्यामुळे पालक संपल्यानंतरही चार्ड पाने देत राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारची सावली दिली, तर हा काळ आणखी लांबतो.

कापणीनंतर चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया पुरेसा आहे. पाने काळपट हिरवी दिसावीत म्हणून याहून अधिक देण्याचा मोह होतो. तो आवरावा. बीटवर्गीय पाने जादा नत्र नायट्रेटच्या रूपात साठवितात. युरिया दिल्यावर लगेच तोडणी करू नये, आणि शक्य तेव्हा पाने सकाळऐवजी दुपारनंतर तोडावीत. दिवसभराच्या सूर्यप्रकाशात पानांतील नायट्रेटचा बराच भाग वापरला जातो.

रोग-किडींपैकी मावा, पाने पोखरणारी नागअळी आणि सर्कोस्पोराचे ठिपके एवढ्यांकडे लक्ष ठेवले तरी चालते. ठिपक्यांचा मध्य राखाडी व कडा तांबूस-जांभळी असते. अशी पाने काढून नष्ट करावीत, पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्यावे आणि त्याच वाफ्यात लागोपाठ बीट, पालक व चार्ड घेऊ नये. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. घरच्या पालेभाजीवर याहून तीव्र फवारणीची गरज सहसा पडू नये.

स्वयंपाकघरात

समुद्रकाठचा वारसा ताटापर्यंत पोहोचतो. १०० ग्रॅम कच्च्या चार्डमध्ये सुमारे २१३ मिलिग्रॅम सोडियम असते. पालेभाज्यांत हा आकडा बराच मोठा आहे, आणि खारवट मातीत तो अधिक वाढतो. म्हणून भाजी शिजून आळल्यानंतरच चव पाहून मीठ घालावे. नेहमीच्या अंदाजाने आरंभी टाकलेले मीठ हमखास जास्त होते. याच १०० ग्रॅममध्ये सुमारे ३७९ मिलिग्रॅम पोटॅशियम, ८१ मिलिग्रॅम मॅग्नेशियम व ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. के जीवनसत्त्व तर इतके भरपूर असते की रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी ही भाजी एकदम वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनीही तसेच करावे.

पालक व चार्ड या दोन्हींत ऑक्झॅलेट बरेच असते. मुतखड्याचा त्रास झालेल्या व्यक्तीने ही पाने रोज खाऊ नयेत. इतरांनीही ‘हिरवे ते पथ्याचे’ असे समजून कच्च्या पानांचा रस पेलाभर पिण्याची नवी प्रथा उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाने भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास विद्राव्य ऑक्झॅलेट बऱ्याच प्रमाणात निघून जाते. त्यासोबत काही जीवनसत्त्वेही जातात, हा सौदा ज्याने त्याने आपल्या प्रकृतीनुसार करावा. दूध, दही किंवा ताक यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते. ताकातली पातळ पालेभाजी करण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने अचूक आहे.

चार्डचे देठ हा वेगळा पदार्थ समजावा. ते फेकू नयेत आणि पानांबरोबर एकदम शिजवूही नयेत. जयपूरच्या घरांत थंडीत पालक-मंगोडी करतात. मंगोडी म्हणजे मूगडाळीचे वाळविलेले छोटे सांडगे. आपल्या घरचे मुगाचे सांडगे त्याजागी उत्तम चालतात. अर्धा किलो चार्डसाठी १०० ग्रॅम सांडगे थोड्या तेलात तांबूस परतून बाजूला काढावेत. त्याच तेलात जिरे, हिंग, ठेचलेले आले व हिरवी मिरची घालून सेंटिमीटरभर चिरलेले देठ परतावेत. सांडगे व दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवावे. दहा-बारा मिनिटांत सांडगे मऊ झाले की चिरलेली पाने घालावीत व पाच मिनिटांत उतरवावीत. शेवटी फेटलेले दही मंद आचेवर मिसळावे आणि मग मिठाचा हात जपून फिरवावा. सोबत बाजरीची भाकरी असावी. लाल देठांचा रंग या भाजीत उतरतो. बीटमधील रंगद्रव्यच येथेही असते व ते पाण्यात विरघळते. हिरवेपणा टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची सवय असेल तर ती सोडावी. सोड्याने क जीवनसत्त्व नष्ट होते आणि लाल रंगही फिकटून पिवळट होतो.

देठांची पीठ पेरून भाजी लसणीच्या फोडणीवर फार चांगली लागते. मोठ्या पानांची मधली शीर तासून अळूवडीप्रमाणे वड्याही होतात, आणि अळूसारखी घशाला खवखव सहसा होत नाही. पान अळूपेक्षा पातळ असल्याने बेसन थोडे घट्ट भिजवावे व उंडा लहान वळावा.

बी राखताना

देशी पालकाचे बी आपल्या हवामानात घरी सहज धरते, आणि खारवट भागातील शेतकऱ्याने ते धरावे असे आम्ही आग्रहाने सांगू. ज्या झाडांनी आपल्याच मातीत व आपल्याच पाण्यावर उत्तम वाढ दाखविली, त्यांचेच बी पुढील वर्षी वापरणे म्हणजे जोबनेरला झालेल्या निवडीचा लहान प्रमाणावरील प्रयोग होय. सर्वांत उशिरा दांडा काढणारी दहा-बारा निरोगी झाडे खूण करून राखावीत व त्यांची कापणी थांबवावी. लवकर फुलणाऱ्या झाडांचे बी घेतल्यास पुढच्या पिढीत पाने कमी व दांडे अधिक मिळतात.

परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे परागकण दूरवर जातात. प्रमाणित बीजोत्पादनात पालक, बीट, शर्कराबीट व चार्ड यांच्यात किमान एक किलोमीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. परसबागेत हे शक्य नाही. उपाय एवढाच की ज्या वर्षी पालकाचे बी धरावयाचे, त्या वर्षी बागेतील किंवा शेजारच्या चार्डने अथवा बीटने चुकून दांडा काढला तर तो फुलण्यापूर्वी खुडावा. तरीही पुढील हंगामात पालकाच्या वाफ्यात एखादे रोप लाल देठाचे निघालेच, तर ते खाण्यास हरकत नाही, मात्र बियांसाठी राखलेल्या झाडांतून ते फुलोऱ्यापूर्वी काढून टाकावे.